दादासाहेब फाळके: ज्यांचा धंदा डोळ्यांवर उभा होता

दादासाहेब फाळके म्हटलं की ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. पण हा सिनेमा तयार होण्याआधीच फाळक्यांची दृष्टी जवळपास गेली होती, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरात 30 एप्रिल 1870 रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. चित्रकला आणि फोटोग्राफी करत ते छपाईच्या धंद्यात उतरले. त्यासाठी जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी बिनसलं आणि चाळिशीत त्यांनी तो धंदा सोडला. हातात काम नाही आणि मागे संसार, अशी अवस्था झाली.

1911 मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपणही असे सिनेमे काढायचे, असं ठरवलं. मग रोज चार-पाच तास सिनेमे पाहायचे, उरलेल्या वेळात वाचन आणि प्रयोग करायचे, असं सुरू झालं. झोप जेमतेम मिळायची. काही महिन्यांत डोळ्यांनी दगा दिला आणि दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, पण त्यानंतर वेगवेगळ्या नंबरांचे चष्मे वापरावे लागले.

फाळक्यांचं आजवरचं प्रत्येक काम नजरेचं होतं. त्यामुळे डोळे हेच त्यांचं खरं भांडवल होतं आणि तेच बुडायची वेळ आली होती.

बरे झाल्यावर मात्र त्यांनी वेग कमी केला नाही. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून मित्राकडून कर्ज काढलं आणि फेब्रुवारी 1912 मध्ये लंडन गाठलं. म्हणजे त्यांना काही झालं असतं तर घराला आधार देणारी रक्कमही आता धंद्यात अडकली होती.

या काळात त्यांचा भार हलका केला तो पत्नी सरस्वतीबाईंनी. फिल्मला छिद्रं पाडणं, ती धुणं, रसायनं मिसळणं ही कामं त्या शिकल्या. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडेच असायचा. दागिनेही त्यांनी धंद्यासाठी दिले. एका माणसाच्या तब्येतीवर उभा असलेला धंदा असा दोघांच्या खांद्यांवर आला. 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला.

त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. पहिल्या महायुद्धात कच्ची फिल्म मिळेना आणि पैसा उभा राहीना. 1918 मध्ये भागीदारांच्या पैशावर ‘हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स’ कंपनी निघाली. पैशाची चिंता मिटली, पण वाद सुरू झाले. अखेर फाळके सगळं सोडून काशीला गेले. तिथे सिनेमापासून दूर राहून त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं. काही काळाने ते नाशिकला परतले आणि पुन्हा कामाला लागले.

‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा सिनेमा 1937 मध्ये आला, तेव्हा ते 67 वर्षांचे होते. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं. त्यांनी सुरू केलेला उद्योग तोवर मोठा झाला होता, पण त्यांच्या स्वतःच्या गाठीशी फारसं काही उरलं नव्हतं. धंद्यासाठी त्यांनी झोप, डोळे आणि विमा सगळंच पणाला लावलं. त्यातले डोळे तेवढे वेळीच केलेल्या उपचारांमुळे परत मिळाले आणि पुढचं सगळं काम त्या डोळ्यांच्या जोरावरच झालं.