विश्लेषण : चारही बाजू मोजल्या, तरी जमिनीचे क्षेत्रफळ का चुकते? भास्कराचार्यांनी साडेआठशे वर्षांपूर्वी काय बजावले होते?

लांबी गुणिले रुंदी. शाळेत पाठ केलेले हे सूत्र खोलीची फरशी मोजायला पुरते. शेत किंवा प्लॉट मात्र क्वचितच फरशीसारखा चौरस असतो. अशा वेळी समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची, दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा आणि इतके गुंठे झाले म्हणून सांगायचे, असा सोपा हिशेब अनेक जण करतात. त्यात गुणाकार बरोबर असतो, पण क्षेत्रफळ चुकते. ही चूक भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त आकड्यांनिशी दाखवून दिली आहे.

भास्कराचार्य कोण होते?

त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४चा. सातव्या शतकात याच नावाचे आणखी एक गणिती होऊन गेले, म्हणून यांना दुसरे भास्कर म्हणतात. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीजवळचे विज्जडवीड हे आपले गाव, असे ते सांगतात. हे गाव आजचे कोणते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणपासून विजापूरपर्यंत अनेक ठिकाणांची नावे पुढे केली जातात. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ हा त्याचा अंकगणित आणि भूमितीचा भाग.

लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती अडकल्याने तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. मूळ ग्रंथात ती नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादातून ती पसरली. गोष्ट गोड आहे, पण तिच्यामुळे पुस्तकातले गणित मागे पडले, हे खरे.

‘लीलावती’त गुणाकार कसा शिकवला आहे?

उदाहरण एकच : १३५ गुणिले १२. रीती मात्र अनेक. १२ चे ८ आणि ४ असे दोन तुकडे करा. १३५ ची आठपट १०८०, चौपट ५४०, बेरीज १६२०. नाहीतर १२ म्हणजे ४ त्रिक १२, म्हणून आधी चौपट करा आणि आलेल्या ५४० ची तिप्पट करा. किंवा दशक आणि एकक वेगळे घ्या : १३५० अधिक २७०. आणखी एक रीत तोंडी हिशेब करणाऱ्यांना आवडेल अशी आहे. १२ ऐवजी सोपा २० घ्या, २७०० येतील, मग जास्तीची आठपट म्हणजे १०८० वजा करा. पुन्हा १६२०च.

पाढे पाठ नसतील तर यातले काहीच जमणार नाही. पण नुसते पाढे पाठ असूनही १३५ गुणिले १२ अडते, कारण संख्या कशी फोडायची हे कळलेले नसते. भास्कराचार्यांचा भर या फोडण्यावर आहे.

मग क्षेत्रफळ कुठे आले?

ग्रंथाच्या सुरुवातीलाच मापे येतात. ८ यव म्हणजे १ अंगुल, २४ अंगुले म्हणजे १ हात, १० हात म्हणजे १ वंश. जमिनीचे माप निवर्तन : प्रत्येक बाजू २० वंश असलेला चौरस. म्हणजे २०० हात गुणिले २०० हात, एकूण ४०,००० चौरस हात. हात साधारण दीड फुटाचा धरला तर एक निवर्तन सुमारे दोन एकरांचे होते.

एककांचा घोळ कसा होतो, हे त्यांच्या एका लाकडाच्या उदाहरणातून चांगले कळते. ओंडका १०० अंगुले लांब आहे. बुंध्याशी जाडी २० अंगुले, शेंड्याशी १६. तो लांबीत चार ठिकाणी कापायचा आहे, तर किती चौरस हात कापणी झाली? सरासरी जाडी १८, एका कापाचे १८००, चार कापांचे ७२०० चौरस अंगुल. आता हात करायचे. २४ अंगुलांचा हात म्हणून २४ ने भागले तर ३०० येतात आणि करवत्याला मजुरी देता देता मालकाचे दिवाळे निघेल. चौरस हातात अंगुले २४ नसतात, २४ गुणिले २४ म्हणजे ५७६ असतात. उत्तर साडेबारा. चौरस मीटरचे चौरस फूट करताना ३.२८ ने एकदाच गुणणारे आजही भेटतात, ते याच खड्ड्यात पडतात. तिथे दोनदा गुणावे लागते.

चार बाजू माहीत असूनही क्षेत्रफळ का कळत नाही?

‘लीलावती’तला हा सर्वात महत्त्वाचा भाग. प्रत्येकी २५ लांबीच्या चार काठ्या घ्या आणि टोकांना एकेक खिळा मारून चौकट बनवा. चौकट ताठ उभी असेल तर क्षेत्रफळ २५ गुणिले २५, म्हणजे ६२५. आता एक कोपरा हलकेच दाबा. एक कर्ण ३० झाला की दुसरा ४० होतो. कर्णांच्या गुणाकाराचे निम्मे, ६००. आणखी दाबा. कर्ण १४ आणि ४८ झाले की क्षेत्रफळ उरते ३३६. काठ्या त्याच, परिमितीही तीच, जागा मात्र जवळपास अर्ध्यावर आली. हे तिन्ही आकडे भास्कराचार्यांचेच.

म्हणून कर्ण किंवा लंब न सांगता, फक्त चार बाजू देऊन चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच ठरवतात आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे. एरवी मृदू असलेल्या पुस्तकात हा संताप उठून दिसतो.

त्यांचा रोख जुन्या सूत्रावर होता. चार बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करायची, चारही उत्तरांचा गुणाकार करायचा आणि वर्गमूळ काढायचे, ही ती रीत. ब्रह्मगुप्तांच्या ६२८ मधील ग्रंथात ती आहे. १४, ९, १३ आणि १२ बाजूंच्या चौकोनात १४ आणि ९ समांतर आहेत आणि त्यांतले अंतर १२ आहे. जुन्या सूत्राने १४१ च्या किंचित कमी येते, खरे क्षेत्रफळ १३८. ब्रह्मगुप्तांची बाजूही मांडायला हवी. चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतील तर त्यांचे सूत्र अगदी अचूक आहे. शेताचे कोपरे तसे असतीलच, याची हमी कोण देणार?

आपल्या सरासरीच्या हिशेबात याच चौकोनाचे साडेअकरा गुणिले साडेबारा, म्हणजे १४३.७५ होतात. याच आकाराचा तुकडा १३८ गुंठ्यांचा असेल, तर खरेदीदार पावणेसहा गुंठ्यांचे पैसे नसलेल्या जमिनीसाठी मोजेल. सरासरीची ही रीत आयत सोडून प्रत्येक चौकोनात क्षेत्रफळ जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. त्यामुळे नुकसान नेहमी घेणाऱ्याचे.

उपाय काय?

टेप घेऊन एक कर्णही मोजायचा. चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू कळल्या की तो दाबला जात नाही, आणि वर्गमूळाची तीच जुनी रीत त्रिकोणाला बिनचूक लागू पडते. हेही ‘लीलावती’त सांगितले आहे. (त्रिकोणात चौथी बाजू नसते, म्हणून तिच्याऐवजी शून्य वजा होते.) पायाची आखणी करताना गवंडी कोपऱ्याला गुण्या लावतो आणि दोन्ही कर्ण ताडून पाहतो, त्यामागेही हेच गणित आहे.

भास्कराचार्यांच्या पश्चात काय झाले?

वयाच्या ६९व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा पंचांगाच्या गणिताचा ग्रंथ रचला. मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या दरबारी गेला. नातू चांगदेव राजा सिंघणाचा ज्योतिषी झाला आणि त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण येथे मठ स्थापन केला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. शके ११२८चा त्याचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात सुरू होतो, पण मठाला काय काय मिळणार याची यादी आली की भाषा बदलते आणि शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे.