दीपगृहाची लेक

एकपात्री प्रयोगासाठी ग्रेस डार्लिंगचे आयुष्य अगदी साजेसे: एक तरुणी, एक दीपगृह आणि खवळलेला समुद्र. प्रत्यक्षात त्या नावेत दोघे होते, हे मात्र सहसा विसरले जाते.

इंग्लंडमधील बँबरो येथे २४ नोव्हेंबर १८१५ रोजी जन्मलेली ग्रेस ही फार्न बेटांवरील दीपगृहरक्षक विल्यम डार्लिंग यांची कन्या. ७ सप्टेंबर १८३८च्या पहाटे हलहून डंडीला निघालेले ‘फोरफारशायर’ हे वाफेचे जहाज बॉयलर निकामी झाल्याने भरकटत येऊन खडकावर आदळले आणि दुभंगले. लाँगस्टोन दीपगृहाच्या खिडकीतून ग्रेसला ते दिसले. उजाडल्यावर खडकावर हालचाल जाणवताच बापलेक नाव घेऊन निघाले. वारा चुकवत सुमारे मैलभराचा फेरा घ्यावा लागला. विल्यम खडकावर उतरले. तेवढा वेळ लाटांत नाव एकट्या ग्रेसने सांभाळली. खरी कसोटी तीच. तेथे नऊ जण जिवंत होते. त्यांत आपली दोन्ही मुले गमावलेली एक माता होती. पाच जणांना पहिल्या खेपेत आणले. उरलेल्यांसाठी विल्यम वाचलेल्या खलाशांना घेऊन पुन्हा गेले.

मग प्रसिद्धीचा लोंढा आला. रौप्यपदक, राणी व्हिक्टोरियाकडून ५० पौंड, चित्रकारांची रीघ, इतकेच नव्हे तर केसांच्या बटांची मागणी! रंगमंचावर नावेत बसून दाखवण्याचेही निमंत्रण आले. ते तिने नाकारले. २० ऑक्टोबर १८४२ रोजी क्षयाने तिचे निधन झाले, तेव्हा ती अवघी २६ वर्षांची होती. ती नाव बँबरोच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.