दहा शिलिंगांचा सिंह

नातीबरोबर ‘द लायन किंग’ बघत होतो. त्यातले रानडुक्कर आणि त्याचा चिमुकला दोस्त एक गाणे गुणगुणू लागले, तशी नातही गुणगुणू लागली. ते गाणे कोणाचे, हे मला तेव्हा ठाऊक होते. म्हणूनच बहुधा मला हसू आले नाही.

सॉलोमन लिंडा हा झुलू गायक १९०९ साली दक्षिण आफ्रिकेत लेडीस्मिथच्या टापूत जन्मला. लहानपणी गुरे राखली. तिकडे गुरे राखायची म्हणजे सिंहावरही नजर ठेवायची. पुढे पोटासाठी जोहान्सबर्ग गाठले. खेड्यांतून आलेले मजूर वसतिगृहांत राहत आणि शनिवारी रात्री त्यांच्या गायनाच्या चढाओढी रंगत. लिंडाच्या ‘इव्हनिंग बर्ड्‌स’ मंडळींचा तिथे मोठा रुबाब. अंगात पट्ट्यापट्ट्यांचे सूट, डोक्यावर हॅट! खर्जात गाणारे एकाऐवजी अनेक जण, आणि त्या भिंतीवरून उंच उडणारा लिंडाचा एकट्याचा आवाज, ही त्याचीच सूझ.

१९३९ साली गॅलो कंपनीच्या स्टुडिओत त्याने ‘मबूबे’, म्हणजे सिंह, हे गाणे ध्वनिमुद्रित केले. तिसऱ्या खेपेला, शेवटी शेवटी, त्याच्या गळ्यातून एक चाल आयत्या वेळी निघाली. पुढे जगभर गाजली ती हीच. दहा वर्षांत तबकडीच्या लाखभर प्रती खपल्या. त्या गायकीच्या प्रकारालाच ‘मबूबे’ म्हणू लागले.

लिंडाने मात्र हक्क दहा शिलिंगांना देऊन टाकले होते. मी आयुष्यभर बँकेत गहाणखते वाचली. इतका स्वस्त सौदा माझ्या टेबलावर कधी आला नाही.

ती तबकडी अमेरिकेत पीट सीगरच्या हाती पडली. त्याला शब्द नीट ऐकू आले नाहीत आणि ‘मबूबे’चे ‘विमोवे’ झाले. १९६१ मध्ये ‘टोकन्स’ने इंग्रजी शब्द घालून ते गायले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. सीगरने स्वतःहून लिंडाला हजार डॉलर पाठवले, हे नोंदवायला हवे. माणूस सज्जन होता. पण सज्जनपणावर हिशेब चालत नाहीत.

१९६२ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने लिंडा गेला. खात्यात पंचवीस डॉलरसुद्धा नव्हते. कबरीवर दगड बसायला अठरा वर्षे लागली.

एका मातीतले सूर दुसरीकडे मिसळू नयेत, असे मी मुळीच म्हणत नाही. लेडीस्मिथचेच जोसेफ शबालाला १९८६ मध्ये पॉल सायमनच्या ‘ग्रेसलँड’मध्ये गायले, आणि ‘होमलेस’ या गाण्यावर सहरचनाकार म्हणून त्यांचे नाव छापले गेले.

लिंडाच्या मुलींच्या मदतीला अखेर आला तो १९११ चा एक जुना ब्रिटिश कायदा. निर्मात्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी हक्क वारसांकडे परततात, असे त्यात कलम होते. म्हणजे १९८७ पासूनच ते त्यांचे होते, आणि कोणी सांगितलेच नव्हते! २००४ मध्ये त्यांच्या वतीने डिस्नेवर दावा लागला. २००६ मध्ये तडजोड झाली, मागचा-पुढचा मोबदला ठरला आणि रचनाकारांत लिंडाचे नाव आले.

नातीला मी ते नाव सांगितले. दोनदा म्हणायला लावले. मग मूळ १९३९ चे गाणे लावून दिले.