वसंतराव नाईक

वर्धा नदीच्या एका तीरावर वर्धा जिल्हा आहे. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. या जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १ जुलै १९१३ रोजी एका बंजारा कुटुंबात वसंतराव नाईक यांचा जन्म झाला.

बंजारा लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून गावोगाव फिरत. रेल्वे आल्यावर हा व्यापार बसला. पुष्कळ लोक तांड्यात राहून शेती करू लागले. त्या काळी तांड्यात शिकलेली माणसे फार थोडी होती. वसंतराव मात्र शिकत राहिले. नागपूरला जाऊन ते १९३८ साली पदवीधर झाले आणि १९४० साली वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. काही दिवस त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याबरोबर काम केले. नंतर १९४१ साली पुसदला येऊन त्यांनी स्वतःची वकिली सुरू केली. त्याच वर्षी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोघांच्या जाती वेगळ्या होत्या. त्या काळी असा विवाह करायला मोठे धैर्य लागे.

पुसदचा सारा तालुका शेतीवर जगणारा. शेतकऱ्यांची सुखदुःखे वसंतरावांनी जवळून पाहिली. १९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ साली ते मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून आले. तेव्हा विदर्भ त्या राज्यात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती.

वकील कायद्याचा अर्थ सांगतो. आमदार कायदा घडवतो. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि वसंतराव महसूलमंत्री झाले. त्यांच्याच काळात, १९६१ साली, एका कुटुंबाने किती जमीन ठेवावी याची मर्यादा कायद्याने ठरली. गावाचा कारभार गावकऱ्यांच्या हाती कसा द्यावा, हे ठरवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. या समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले. लवकरच राज्यात धान्याची टंचाई पडली. परदेशातून येणाऱ्या गव्हाची वाट पाहावी लागे. १९६५ साली पुण्यातील सभेत वसंतरावांनी जाहीर केले, की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत स्वावलंबी झाला नाही, तर आपण फासावर जायलाही तयार आहोत. लोक थक्क झाले. संकरित ज्वारीचे बियाणे, खते आणि पाणी शेतापर्यंत पोहोचवण्यासाठी सरकार कामाला लागले. राज्यात चार कृषी विद्यापीठे उभी राहिली.

पण १९७२ साली पाऊसच पडला नाही. पिके करपली, विहिरी आटल्या. पुन्हा बाहेरून धान्य आणावे लागले. आपले वचन निसर्गाने मोडले, असे म्हणून वसंतराव स्वस्थ बसले नाहीत. लोकांना नुसती भीक नको, कामाची मजुरी मिळावी, म्हणून गावोगाव रस्ते, तलाव आणि बंधारे यांची कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख लोक राबत होते. मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना याच काळात पुढे आली.

फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे ११ वर्षांहून अधिक काळ, ते मुख्यमंत्री होते. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून साजरा होतो. त्या सुमारास शेतकरी आभाळाकडे पाहत पेरणीला लागलेला असतो.