फुटबॉलचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

हैदराबादने एकेकाळी भारतीय फुटबॉलचे नेतृत्व केले, याचे आज अनेकांना विस्मरण झाले आहे. त्या नेतृत्वामागे एका शाळामास्तराची तपश्चर्या होती. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी अध्यापनाचा पेशा पत्करला. काचीगुडा, चादरघाट या भागांतील शाळांत त्यांनी शिकविले आणि शारीरिक शिक्षणाची पदविकाही मिळविली. विद्यापीठाच्या व स्थानिक क्लबांच्या संघांतून ते स्वतः खेळत असत. परंतु खेळण्याहून खेळ शिकविण्यातच त्यांची खरी गती होती. हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले. १९५० साली हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

त्या काळी आपले खेळाडू चेंडू पायाशी खेळवीत एकट्याने पुढे जाण्यात धन्यता मानीत. चेंडू न रेंगाळवता सहकाऱ्याकडे सोपविला पाहिजे, असे बंधन घालून रहीम यांनी सामने भरविले. केवळ दुबळ्या पायाने खेळण्याच्या स्पर्धाही योजल्या. सिकंदराबादच्या तुलसीदास बलराम या होतकरू मुलास सरावाला येण्यासाठी सायकलचे भाडे परवडत नव्हते. ते रहीम यांनी दिले. पुढे बलराम दोन ऑलिंपिक स्पर्धांत खेळले.

या शिकवणुकीचे फळ लवकरच दिसू लागले. मुंबईत कूपरेजवर भरणारी रोव्हर्स चषक स्पर्धा हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने इराणला १-० असे नमवून सुवर्णपदक पटकावले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. आपले बरेच खेळाडू तेथे अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट अनिवार्य झाले आणि रहीम यांनी युरोपीय, विशेषतः हंगेरियन, खेळाचे धडे आपल्या संघाला दिले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. त्याच महिन्यात मेलबर्न ऑलिंपिकला प्रारंभ झाला. तेथील भारतीय संघात हैदराबादच्या मैदानांवर घडलेले अनेक खेळाडू होते. यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून भारत उपान्त्य फेरीत पोहोचला. त्या सामन्यात नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. अखेर भारताला चौथा क्रमांक मिळाला.

रहीम यांच्या कर्तृत्वाचा कळस १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत दिसला. त्यांच्या फुप्फुसांना कर्करोगाने ग्रासले होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. इस्राएल व तैवान यांना वगळल्याबद्दल भारतीय पदाधिकारी सोंधी यांनी आक्षेप घेतल्याने स्थानिक प्रेक्षकही भारताविरुद्ध खवळले होते. बचावफळीतील जर्नेलसिंग यांच्या डोक्याला टाके पडले. अशा खेळाडूला रहीम यांनी उपान्त्य सामन्यापासून आघाडीवर खेळविले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात, पूर्वी ज्यांच्याकडून हार पत्करली त्याच दक्षिण कोरियाला भारताने २-१ असे हरविले. गोल केले ते प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी.

त्यानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीम यांचे निधन झाले. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ साली. तोवर त्यांना जाऊन बावीस वर्षे लोटली होती. त्यांच्या जीवनावरील हिंदी चित्रपट तर २०२४ मध्ये पडद्यावर आला. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक मात्र जाकार्तानंतर भारताच्या हाती पुन्हा आलेले नाही.