आबे फारिया : जादू कुणाच्या हातात?

मुंबईत स्थायिक होऊन आम्हा पेडणे-डिचोलीकरांच्या तीन-चार पिढ्या झाल्या, तरी काही शब्द आम्ही गावाहून आणले ते अजून सोडलेले नाहीत. दिष्ट, करणी, मूठ, अवसर, भार, कौल, घाडी, देवचार, राखणदार. दसरा-कोजागिरीला पेडण्यात तरंगे निघाली की भार कसा येतो आणि शिरगावच्या जत्रेत धोंड निखाऱ्यांवरून कसे चालत जातात, हे आमच्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. या शब्दांपैकी काही भक्तीचे आहेत, तर काही भीतीचे. कुठला शब्द कुठल्या बाजूचा, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका गोवेकराने विचारला आणि त्याचे उत्तरही शोधले. त्यांचे नाव जुझे कुस्तोदियु दे फारिया. जग त्यांना आबे फारिया म्हणून ओळखते. आबे हा फ्रेंच भाषेत धर्मगुरूला आदराने लावायचा शब्द. संमोहनाच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे. आपल्याकडे मात्र त्यांची ओळख पणजीच्या पुतळ्यापुरती राहिली आहे. म्हणून या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

कोलवाळ ते लिस्बन

फारियांचा जन्म मे 1756 मध्ये बार्देशातील कांदोळी येथे, आईच्या माहेरी झाला. आई रोझा मारिया दे सोझा. वडील कायतान व्हितोरिनो दे फारिया हे कोलवाळचे. कोलवाळ शापोरा नदीच्या अलीकडच्या तीरावर, आणि नदी ओलांडली की आपला पेडणे महाल. फारियांचे पूर्वज अंतू शेणवी हे सारस्वत ब्राह्मण. सोळाव्या शतकाच्या अखेरीस या घराण्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

त्या काळी नदीच्या दोन तीरांवर दोन वेगळी जगे होती. पेडणे आणि डिचोली सावंतवाडीकर भोसल्यांकडे होती. तेथे रवळनाथ, भूतनाथ, भगवती, लईराई यांची उत्सवपरंपरा चालू होती. बार्देशात 1560 पासून इन्क्विझिशनचा धाक होता. बाटलेल्या कुटुंबांनी जुन्या चालीरीती पाळू नयेत म्हणून 1736 मध्ये लांबलचक मनाईहुकूम निघाला होता. तीर बदलले तरी माणसाच्या मनातली भीती बदलत नाही. दिष्ट काढण्याची चाल हिंदू घरांत राहिली, तशी ख्रिस्ती घरांतही टिकून राहिली.

फारिया लहान असतानाच आईवडील परस्परांच्या संमतीने विभक्त झाले. वडिलांनी लग्नाआधी सोडून दिलेले धर्मशिक्षण पूर्ण करून पाद्रीपद घेतले. आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली. 1771 मध्ये, पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन वडिलांनी लिस्बन गाठले. तेथून मुलगा रोमला शिकायला गेला. 1780 मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि धर्मशास्त्रातील पंडितपदही त्यांनी मिळवले.

लिस्बनला परतल्यावरची एक आख्यायिका गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. राणीच्या केलुश राजवाड्यातील चॅपेलमध्ये फारिया प्रवचनाला उभे राहिले. समोरचा राजदरबार पाहून त्यांचे शब्दच गोठले. तेव्हा जवळच असलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीत सांगितले, की ही सगळी मंडळी म्हणजे भाजी समजावी आणि बेधडक चिरत जावे. ते ऐकताच मुलाची भीती गेली आणि प्रवचन ओघाने पार पडले. गोष्ट खरी असो वा नसो, फारियांच्या पुढच्या आयुष्याचे बीज तिच्यात दिसते. विश्वासातल्या माणसाच्या एका वाक्याने त्यांच्या अंगात नवी शक्ती घातली नव्हती. असलेली शक्ती मोकळी झाली होती.

पिंटोंचे बंड आणि पॅरिस

1787 मध्ये गोव्यात पिंटोंचे बंड उघडकीस आले. गोव्याच्या पाद्रींना त्यांच्याच भूमीत वरची पदे नाकारली जात, हे या असंतोषाचे एक मूळ. बंडातील काही पाद्री लिस्बनला येऊन गेले होते आणि फारिया पितापुत्रांशी त्यांचा संबंध होता. 1788 मध्ये पंधरा जणांना फाशी झाली. त्याच वर्षी पेडणे महाल कायमचा पोर्तुगिजांकडे गेला. डिचोली त्याआधी, 1781 मध्ये गेली होती. आणि त्याच 1788 मध्ये संशयाच्या सावटाखालील फारियांनी लिस्बन सोडून पॅरिसची वाट धरली.

पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती पेटली. 1795 मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर क्रांतिसरकारविरुद्ध उठाव झाला, त्यात फारिया एका तुकडीच्या अग्रभागी होते. पण त्यांचे खरे कार्य वेगळ्याच क्षेत्रात होते.

त्या काळी पॅरिसमध्ये मेस्मर या वैद्याच्या विद्येची चर्चा होती. सर्व विश्वात एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे, तो वैद्याच्या हातांतून रोग्याच्या अंगात सोडला की रोग बरा होतो, असे मेस्मर सांगत. या विद्येला प्राणि-चुंबकत्व म्हणत. 1784 मध्ये राजाने नेमलेल्या समितीने तपासणी केली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए तिचे सदस्य होते. असा कोणताही द्रव नाही, जे घडते ते कल्पनेमुळे, असा निष्कर्ष समितीने काढला. त्याच वर्षी पुइसेगुर या सरदाराला आढळले, की काही माणसे अशा उपचारात झोपी जातात, पण झोपेतही बोलतात आणि उत्तरे देतात. फारियांनी ही विद्या पुइसेगुर यांच्याकडून घेतली. पुढे आपला ग्रंथही त्यांनी त्यांनाच अर्पण केला.

क्लिशी रस्त्यावरील वर्ग

1811 च्या सुमारास फारिया दक्षिण फ्रान्समध्ये तत्त्वज्ञान शिकवत होते. मार्सेयच्या वैद्यक मंडळाचे सदस्यत्वही त्यांना मिळाले. 1813 मध्ये ते पॅरिसला परतले आणि क्लिशी रस्त्यावरील 49 क्रमांकाच्या घरात त्यांनी जाहीर वर्ग सुरू केले. प्रवेशशुल्क पाच फ्रँक होते. उंच, सावळा, पांढऱ्या होत चाललेल्या केसांचा हा भारतीय पाद्री पाहायला आणि ऐकायला पॅरिसमधील प्रतिष्ठित मंडळी गर्दी करत.

त्यांची पद्धत अगदी साधी होती. माणसाला आरामात बसवायचे, डोळे मिटून फक्त झोपेवर लक्ष द्यायला सांगायचे आणि मग शांत पण ठाम आवाजात झोपण्याची आज्ञा करायची. गरज पडल्यास आज्ञा तीन-चार वेळा करायची. तेवढ्यानेही झोप आली नाही, तर उघडा तळहात थोड्या अंतरावर धरून त्यावर नजर लावायला सांगायचे. मेस्मरच्या अनुयायांकडची लोहचुंबके, पाण्याची हौदे, हातवारे यांतले काहीही त्यांच्याकडे नव्हते. झोपलेल्या माणसाला साधे पाणी देऊन ते दुसरेच पेय आहे असे सांगितले, की त्याला तीच चव लागत असे.

फारियांनी या विद्येसाठी नवे शब्द वापरले. ते समजून घेतले की त्यांचे म्हणणे समजते. या अवस्थेला त्यांनी जागृत किंवा स्वच्छ झोप असे नाव दिले, कारण बाहेरून झोपलेल्या माणसाचे मन आत जागे असते. झोप आणणाऱ्याला ते भारणारा म्हणत नसत. एकाग्रता घडवून देणारा, एवढेच त्याचे काम. झोपणाऱ्यासाठी त्यांनी प्राचीन ग्रीक दीक्षाविधीतला शब्द घेतला. गूढविधी प्रत्यक्ष पाहण्याचा अधिकार मिळालेला, असा त्याचा अर्थ. म्हणजे पाहणारा झोपणारा, आणि समोरचा फक्त दार दाखवणारा.

त्यांच्या सगळ्या शिकवणीचे सार इतकेच, की समोरच्याच्या हातांतून, डोळ्यांतून किंवा इच्छेतून कोणतीही शक्ती वाहत नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात घडते. सगळ्यांनाच अशी झोप लागत नाही, हेही त्यांनी सांगितले. त्याचे कारण रक्ताच्या पातळपणात आहे असा त्यांचा तर्क होता. तो आज टिकत नाही. पण मूळ सिद्धांत टिकला.

हसे, आरोप आणि अखेर

असे सांगणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो, तसा फारियांना बसला. मेस्मरपंथीयांना ते नकोसे झाले, कारण त्यांनी मांत्रिकाची शक्तीच नाकारली. धर्मपंडितांनी हे सैतानाचे काम ठरवले. मनाच्या नैसर्गिक शक्तीने जे घडते त्याला सैतानाची गरज नाही, असे एक पाद्रीच सांगत होता, आणि त्यालाच चेटक्याच्या रांगेत बसवले गेले.

शेवटचा घाव हास्याचा होता. एका नटाने वर्गात येऊन झोपेचे सोंग घेतले आणि मध्येच डोळे उघडून सगळ्यांसमोर फारियांना भोंदू ठरवले. 1816 मध्ये पॅरिसच्या व्हारिएते रंगभूमीवर या विद्येची टर उडवणारे प्रहसन लागले. वर्ग ओस पडले. फारियांनी एका मठात पाद्री म्हणून साधी नोकरी पत्करली आणि उरलेला वेळ ग्रंथलेखनाला दिला. स्वच्छ झोपेची कारणे सांगणारा हा ग्रंथ फ्रेंच भाषेत आहे. त्याचे अनेक खंड योजले होते, पण 1819 मध्ये पहिलाच खंड सिद्ध झाला आणि सप्टेंबरमध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्यांना पुरले. कबरीवर नावसुद्धा नव्हते.

फारियांचा शिष्य जनरल नुआझे याने त्यांचे विचार जपले. पुढे फ्रान्समधील नान्सी येथील डॉक्टर लिएबो आणि बर्नहाईम यांनी सूचनेच्या बळावर रोग्यांवर उपचार केले. ते ज्या वाटेने गेले ती फारियांनी दाखवलेली होती. 1906 मध्ये गोव्याचे डॉ. दालगादो यांनी पॅरिसहून फारियांचे चरित्र प्रसिद्ध केले. 1925 मध्ये, पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे पोर्तुगीज डॉक्टर एगाश मोनीश यांनी संमोहनाच्या इतिहासातील त्यांच्या स्थानावर ग्रंथ लिहिला. अलेक्झांडर द्युमा यांच्या काउंट ऑफ मोंटे क्रिस्टो या कादंबरीतील तुरुंगवासी आबे फारिया जगभर प्रसिद्ध आहे, पण ते इटालियन पात्र कादंबरीकाराचे. त्यातले नाव तेवढे आपल्या फारियांचे.

पुतळा आणि आपण

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी 1945 पासून फारियांचा पुतळा उभा आहे. शिल्पकार मडकईचे रामचंद्र पांडुरंग कामत. पुढे झुकलेले फारिया दोन्ही हात पसरून उभे आहेत आणि समोर एक स्त्री निद्रावश होऊन कोसळते आहे. शिल्प अप्रतिम आहे. पण पाहणाऱ्याला वाटते, की त्या बोटांतून काहीतरी निघून बाईच्या अंगात शिरते आहे. नेमके हेच खोटे आहे, हे सांगण्यात फारियांचे आयुष्य गेले. पुतळ्यासमोर मुलांना उभे करताना एवढे त्यांना जरूर सांगावे.

जगात आज चेटूक या शब्दालाही नवे अर्थ आले आहेत. इंग्लंडमध्ये 1735 चा चेटूकविषयक कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी आधुनिक चेटूकपंथावर पुस्तक लिहिले. विक्का नावाने तो पंथ अनेक देशांत पसरला. दीक्षा, वर्तुळ, मंत्र, तंद्री हे त्यांचेही शब्द. मंत्र म्हणजे एकाग्र झालेली इच्छा, असे त्यांच्यातील अनेक जण सांगतात. शब्दांमागच्या मनाकडे पाहण्याची ही दृष्टी फारियांच्या फार जवळची आहे.

आपल्याकडे प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. देवळात अवसर येतो तेव्हा सारा गाव साक्षीला असतो, ती आपली परंपरा आहे आणि तिचा मान आम्ही राखतो. पण घरात कुणी आजारी पडले, आणि कुणीतरी करणी केली आहे असे एखाद्याने सांगितले, की पुढे काय होते तेही आपण पाहिलेले आहे. पैसा जातो, डॉक्टरकडे जायला उशीर होतो, आणि बोट बहुधा शेजारच्या एखाद्या एकट्या बाईकडे वळते. त्या बाईचे पुढचे आयुष्य त्या एका वाक्याने काळवंडते. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तो अशाच माणसांच्या रक्षणासाठी.

शब्दाने माणूस बरा होऊ शकतो, तसा शब्दाने आजारीही पडू शकतो, हे फारियांनी ओळखले होते. करणीच्या भीतीने माणूस खंगतो तेव्हा त्याचे दुखणे खरेच असते. त्याची थट्टा करू नये. पण त्या दुखण्याचे मूळ शेजारणीच्या डोळ्यांत नसते, ते मनावर बसलेल्या भीतीत असते, आणि उतारा करणाऱ्याच्या मुठीतही काही नसते. नदीपलीकडच्या कोलवाळच्या या माणसाने ही गोष्ट भर पॅरिसमध्ये सांगितली आणि तिची किंमत मोजली. यंदा दसऱ्याला किंवा जत्रेला गावी जाल तेव्हा वाटेत कोलवाळचा पूल लागेल. तेथे घरातल्या मुलांना या नदीकाठच्या माणसाची गोष्ट सांगा, अशी आम्हा सर्वांची विनंती आहे.