दारू प्यायला परमिट लागणाऱ्या कायद्याचा चेहरा होते मोरारजी देसाई, पण तो लातूरला पोचेपर्यंत ते दिल्लीला गेले होते

थर्टी फर्स्टची रात्र. लातूरच्या औसा रोडवर नाकाबंदी लागलेली. पोलीस बाईकवाल्याच्या तोंडासमोर मशीन धरतात आणि फुंकायला सांगतात. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं. पहिल्यांदा सापडला तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही. परत सापडला तर कैद 2 वर्षांपर्यंत आणि दंड 15 हजारांवर जातो.

हा झाला दिल्लीचा कायदा. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. त्यात गाडीचा संबंधच नाही, परमिटशिवाय दारू पिणं हाच गुन्हा. परमिट रूममधलं परमिट ते हेच. या कायद्याचं नाव निघालं की जुन्या लोकांना आठवतात मोरारजी देसाई.

मोरारजींचा जन्म 29 फेब्रुवारी 1896 चा, गुजरातमधल्या भदेलीचा. वडील शिक्षक होते. मोरारजींचं लग्न तोंडावर आलं असताना वडिलांनी विहिरीत जीव दिला. घरची जबाबदारी पंधरा वर्षांच्या पोरावर आली. पुढं मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकून ते इंग्रज सरकारात डेप्युटी कलेक्टर झाले. 1930 मध्ये नोकरीवर लाथ मारून गांधीजींच्या चळवळीत उतरले. चहा-कॉफीचंही वावडं असलेला माणूस, दारूचं तर विचारूच नका.

1946 ला बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात ते मुंबई प्रांताचे गृहमंत्री झाले. 1949 ला कायदा आला आणि तो राबवणारे पोलीस होते मोरारजींच्या हाताखाली. कायद्याला आव्हान मिळालं. 1951 ला सर्वोच्च न्यायालयानं काही कलमं उडवली, पण दारूबंदी टिकली. मुंबईत हातभट्टीचा धंदा फोफावला तो याच काळात.

1952 च्या निवडणुकीत मोरारजी स्वतःच्या जागेवर अवघ्या 19 मतांनी पडले. तरीही मुख्यमंत्री झालेच! त्यांच्याच कारकिर्दीत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर मुंबईत गोळ्या चालल्या. मराठी माणसाच्या मनातून ते उतरले ते कायमचे, दारूबंदीमुळं नव्हे.

या सगळ्यात लातूर कुठं होतं? लातूर, नांदेड तेव्हा हैदराबाद राज्यात होते. मुंबईचा कायदा इथं लागूच नव्हता. निजामाच्या राज्यात शिंदीवरचा कर ही सरकारी तिजोरीची मोठी कमाई होती. म्हणूनच मुक्तिसंग्रामात गावोगाव शिंदीची झाडं तोडली गेली. म्हणजे दारूविरोध मराठवाड्याला नवा नव्हता, मोरारजींचा कायदा तेवढा नवा होता.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. गंमत बघा, त्याच दिवशी मोरारजींच्या जागी यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. दारूबंदी कायदा मराठवाड्यासारख्या नव्या भागांना लावणारी दुरुस्ती झाली 1959 ला. तेव्हा मोरारजी दिल्लीत अर्थमंत्री होते.

ड्रायव्हर मंडळींच्या दृष्टीनं ही दुरुस्ती महत्त्वाची. संशयिताला डॉक्टरकडं नेऊन रक्त तपासायची तरतूद तिच्यातूनच आली. रक्तात 0.05 टक्के किंवा जास्त अल्कोहोल सापडलं, तर आपण बेकायदा दारू प्यायलो नाही हे त्या माणसानंच सिद्ध करायचं. एरवी गुन्हा सिद्ध करायचं काम सरकारचं असतं, इथं ओझं आरोपीवर आलं. अपघात केलेल्या एका मोटारचालकाचा खटला यावरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. रक्ताचा नमुना या कायद्यातल्या पद्धतीनं घेतला नसेल तर तो रिपोर्ट चालेल का, हा वाद होता. 1963 ला बहुमतानं निकाल लागला की दुसऱ्या मार्गानंही रक्तातलं अल्कोहोल सिद्ध करता येतं.

इकडं वसंतराव नाईकांच्या सरकारनं दारूबंदी सैल केली. परमिट सहज मिळू लागलं, कायदा मात्र रद्द झाला नाही. मोरारजी आणीबाणीत 19 महिने कैदेत राहिले आणि 1977 ला पंतप्रधान झाले. देशभर दारूबंदीचा आग्रह त्यांनी तिथंही सोडला नाही, पण 1979 ला सरकारच गेलं.

1988 चा मोटार वाहन कायदा आला तेव्हा त्यात मोरारजींना आवडेल असं कलम होतं. ड्रायव्हरच्या रक्तात दारूचा थेंबभर अंश सापडला तरी गुन्हा. नोव्हेंबर 1994 मध्ये ते बदललं आणि 30 मिलिग्रॅमची मर्यादा आली. त्यानंतर पाचच महिन्यांत, 10 एप्रिल 1995 ला, वयाच्या 99 व्या वर्षी मोरारजी मुंबईत वारले.